परीक्षा झाली की बघू

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या काकांना सगळे कवळीकाका म्हणायचे, आणि तोंडावरच म्हणायचे, कारण त्यांना स्वतःलाच त्याची गंमत वाटे. दात करणं हा त्यांचा धंदा. दाताचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेत आणि एका छोट्या डबीत घालून काकांकडे पाठवत. काका त्या मापात प्लास्टर ओतून हिरड्या काढत, त्यांच्यावर मेणात दात बसवत, मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिकची हिरडी शिजवून घेत, मग घासत, चकाकी आणत, आणि त्याच डबीतून कवळी परत जाई. ज्यांच्यासाठी हे सगळं चालायचं ती माणसं त्यांना कधीच भेटत नसत. पुढच्या खोलीतल्या फळीवर प्लास्टरची तोंडं ओळीनं मांडलेली असत. चेहरा नाही, डोळे नाहीत, नुसती तोंडं. लहानपणी मला तिथे जायची भीती वाटे. काकांच्या मुलीला वाटत नसे. ती त्या तोंडांसमोर बसून अभ्यास करायची.

काका त्या हिरड्यांवरून माणसांच्या गोष्टी रचत. या बाई झोपेत दात खातात, नवऱ्यावरचा राग असणार. हे आजोबा एकाच बाजूनं चावतात, दुसऱ्या बाजूला कुणीतरी बसलेलं असावं, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. खरंखोटं कोण तपासणार? गोष्ट संपली की मात्र, "बसवल्यावर आरशात बघून हसल्या की नाही, ते काही आपल्याला कळत नाही," असं म्हणायचे आणि पुन्हा मोटर सुरू करायचे.

त्यांचे स्वतःचे वरचे दात तरुणपणीच गेले होते. वडिलांकडून घर आलं नाही, हिरड्या आल्या, असं ते सांगत. वरची कवळी त्यांनी स्वतःच स्वतःसाठी केली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. दारावर पाटी का लावत नाही, असं कुणी विचारलं की सगळे दात दाखवून म्हणायचे, "पाटी आतच आहे."

मुलीचं नाव त्यांनी दुधी पाडलं होतं. तिचा एक दुधाचा दात पडलाच नाही. त्याच्याखाली दुसरा दात तयारच झाला नव्हता, म्हणून तो तसाच राहिला, मोत्याएवढा, बाकीच्या मोठ्या दातांमध्ये चुकून आल्यासारखा. काकूंना ते नाव मुळीच आवडलं नव्हतं. मुलगी आहे का भाजी, असं त्या म्हणायच्या. पण हळूहळू त्याही दुधीच म्हणायला लागल्या. काकू औषधाच्या दुकानात काउंटरवर उभ्या असायच्या. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून त्यांना मोठ्या बोलण्याचा कंटाळा आला होता. घरी आल्या की चपला काढायच्या आधी दुधीला विचारायच्या, "जेवलीस का?" आणि मग काकांकडे बघून, "आणि तुम्ही?"

दुधीनं दाताच्या डॉक्टरांच्या सरकारी कॉलेजात जावं, ही इच्छा काकांची. जागा मोजक्या, परीक्षा एकच, आणि तिला बसणारी मुलं इतकी की परीक्षेच्या दिवशी शहरातले रस्ते भरून जात. काका तिच्यावर कधी ओरडले नाहीत, जबरदस्ती केली नाही. ते फक्त सांगायचे, की आपण आयुष्यभर डबीतलं तोंड बघितलं, तू खुर्चीवरचं माणूस बघ. दुधीला ते पटायचं की वडिलांचं कुठलंच बोलणं न पटणं तिला जमत नव्हतं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. एवढं खरं, की तिला टेबलावर बसून घासायला आवडे. हातात कवळी आली की ती गुळगुळीत झाल्यावरही घासत राही. काका हातातून काढून घ्यायचे. "बास. आता तिला हिरडी राहू दे."

तीच सवय तिला परीक्षेत नडली. उत्तरं येत होती, पण प्रत्येक उत्तरापाशी ती परत आली. बरोबर उत्तर पुसलं, दुसरं केलं, तेही पुसलं. निकाल लागला तेव्हा कॉलेजच्या प्रवेशाच्या रेषेपासून ती थोडक्यात खाली होती. थोडक्यात हा शब्द त्या दिवसांत मी इतक्या वेळा ऐकला की मला त्याचा राग यायला लागला. खूप खाली असती तर घरातल्यांनी चहा घेतला असता आणि पुढचं बघितलं असतं. थोडक्यात हुकलेल्या माणसाला कुणी सुटू देत नाही.

जवळच्या साध्या कॉलेजात रसायनशास्त्राला तिला जागा मिळत होती. तिथे नाव घालायचं की वर्षभर घरी बसून पुन्हा परीक्षा द्यायची, हे आठवड्याभरात ठरवायचं होतं. रविवारी दुधीचा मामा आला, मीही तिथेच होते. मामा बस डेपोत कारकून. त्याला गंभीर विषयात विनोद सुचायचे आणि ते तो आवरत नसे. आमच्या वेळी नापास झालेली पोरं पुन्हा बसायची, आता पास झालेलीही बसतात, प्रगती आहे, असं तो म्हणाला. त्याला कुणी हसलं नाही. काकूंचं मत सरळ होतं: हातात आहे ते घ्यावं. वर्ष गेलं की नुसतं वर्षच जात नाही, त्याच्याबरोबर मुलीचा चेहराही जातो, दुकानात अशा मुली येतात, झोपेच्या गोळ्या मागतात.

काका उठले. मग फळीवरचं एक तोंड उचलून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"माप वाईट आलं तर मी काय करतो? त्याच्यावरच कवळी करतो का? डबी परत पाठवतो. म्हणतो, पुन्हा माप घ्या. माणसाला आणखी एकदा तोंड उघडावं लागतं, एवढंच."

"ते प्लास्टर आहे," काकू म्हणाल्या. "ही पोरगी आहे."

"म्हणून तर. प्लास्टर असतं तर घासून भागवलं असतं."

सगळ्यांनी दुधीकडे बघितलं. ती म्हणाली, "बसते पुन्हा." इतक्या पटकन म्हणाली की मामाला विनोद सुचायलाही वेळ मिळाला नाही. नंतर जिन्यात मी तिला विचारलं, तुला खरंच बसायचंय का. ती म्हणाली, "त्यांनी तोंड टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काढलाच नाही. तू बघितलं नाहीस?"

मग ते वर्ष सुरू झालं. घासायची मोटर मागच्या बाल्कनीत गेली. तीसुद्धा दुधी क्लासला गेली की मगच सुरू व्हायची. ती घरात असताना काका हातानं, पॉलिश पेपरनं घासत. खरखर असा बारीक आवाज येत राही, तोही दार लावून. टीव्हीवर चादर पडली. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, तेव्हा काकू म्हणाल्या की परीक्षा झाली की बघू, प्लंबर ठोकाठोक करेल. मग भिंतीला रंग द्यायचा होता, तोही परीक्षेनंतर. काकूंचा गुडघा, मामाच्या मुलीचं लग्न ठरवायची बोलणी, फ्रिजचं दार. काकांना जांभई आली तरी ते म्हणायचे, परीक्षा झाली की देतो. त्या घरात ते वाक्य इतकं वापरलं गेलं की ते कुणी बोलायचंही राहिलं नाही. नुसता दुधीच्या खोलीकडे हात केला की समोरच्याला कळायचं.

त्याच वर्षी काकांच्या तोंडात वरच्या बाजूला टोचायला लागलं.

दुसऱ्या कुठल्याही माणसाला तोंडात फोड आला तर तो आधी म्हणेल, फोड आलाय. काका म्हणाले, कवळी बसत नाही. हिरड्या वयानं बदलतात, कवळी ढिली होते, एका जागी रुतते, आणि तिथे जखम होते, हे ते इतरांच्या बाबतीत रोज बघत होते. डबी परत यायची, सोबत डॉक्टरची चिठ्ठी: उजवीकडे टोचते. काका तेवढी जागा घासायचे, डबी परत जायची, तक्रार थांबायची. त्यांच्या इतक्या वर्षांच्या अनुभवात दुखणं नेहमी कवळीचं निघालं होतं. म्हणून त्यांनी स्वतःची कवळी काढली, आरशात बघून जागा हेरली, आणि घासली. चार दिवस बरं वाटलं. मग पुन्हा टोचलं. पुन्हा घासली.

काकूंनी दुकानातून तोंडात लावायचं मलम आणलं. त्यानं जागा बधिर व्हायची आणि काका म्हणायचे, बघ, बसली. एकदा काकूंनी म्हटलं की डॉक्टरबाईंना दाखवून या, इतकं काम करता त्यांचं. काकांनी दुधीच्या खोलीकडे हात केला. त्यात नुसतंच टाळणं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की आपल्या हातच्या कवळीची तक्रार घेऊन डॉक्टरकडे जाणं म्हणजे सुताराच्या घरची खाट दुसऱ्यानं ठोकून देणं. लोक काय म्हणतील? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दुधीच्या लक्षात आलं नाही असं नाही. वडील पाव दुधात बुडवून खातात, एका बाजूनं खातात, हे तिनं बघितलं. अभ्यासातून उठून एका दुपारी ती त्यांच्याजवळ बसली. त्यांनी तिला कवळी दाखवली. तिनं ती उजेडाकडे धरली, बोट फिरवलं, आणि एका जागी थांबली. "इथे कड राहिलीय बाबा. इथे टोचत असेल." काकांनी चष्मा लावून बघितलं. त्यांना आनंद झाला. मुलीची बोटं आपल्यासारखी आहेत, ही गोष्ट त्यांनी संध्याकाळी मला, मामाला, दूधवाल्याला, सगळ्यांना सांगितली. तेवढी कड त्यांनी घासून टाकली.

पुढे ती कवळी त्या बाजूला इतकी पातळ झाली की तिच्यातून उजेड दिसायचा.

परीक्षेला थोडे आठवडे उरले असताना काका एक डबी घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. या बाईंचं काम ते त्यांनी दवाखाना उघडल्यापासून करत होते. बोलताना काका तोंडावर रुमाल धरत होते. बाईंनी हातातली डबी बाजूला ठेवली आणि त्यांना खुर्चीवर बसायला सांगितलं. आजवर डब्या यायच्या, आज अख्खा माणूस आला म्हणा, असं काहीतरी ते बोलले. ती खुर्ची त्यांनी इतकी वर्षं दारातून बघितली होती. आडवं झाल्यावर वरचा दिवा डोळ्यांवर येतो हे त्यांना माहीत नव्हतं.

बाईंनी बराच वेळ बघितलं. दिवा बंद केला. कधीपासून आहे, विचारलं.

"कवळी जरा रुसलीय," काका म्हणाले. "घासून घासून आणलीय वाटेवर. अजून एकदा हात फिरवला की बसेल."

बाईंनी ती पातळ झालेली कवळी हातात घेतली, उलटसुलट केली. "काका," त्या म्हणाल्या, "कवळीचा काहीच दोष नाही."

पुढचं मला काकूंकडून कळलं, तेही तुकड्यातुकड्यानं. तुकडा काढून तपासायला दिला, उत्तर जे यायचं तेच आलं. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जननी लगेच ऑपरेशन करायचं म्हटलं. लगेच म्हणजे परीक्षेच्या आधी. काका म्हणाले, परीक्षेनंतरची तारीख द्या. सर्जन म्हणाले की असं थांबणं बरं नाही, हा आजार कुणाची वाट बघत नाही. काकांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पुन्हा तेच मागितलं. सर्जननी काकूंकडे बघितलं. काकूंनी घरी आल्यावर विरोध केला, तेव्हा काकांनी त्यांच्यापुढे दातांच्या कण्या केल्या. आत्ता तिला कळलं तर ती पेपर लिहूच शकणार नाही, तिचं दुसरं वर्ष माझ्यामुळे बुडेल, मग मी बरा होऊन काय करू, असं ते म्हणत राहिले. हे सगळं कुजबुजत्या आवाजात, दार लावून. पलीकडे दुधी वाचत होती.

"मी हो म्हटलं नव्हतं," काकू पुढे कितीदा तरी मला सांगत. "मी नुसती गप्प बसले."

परीक्षेच्या सकाळी काका स्वतः तिला केंद्रावर सोडायला गेले. गळ्याभोवती मफलर होता, हवा गरम असूनही. आल्यावर दुधी खुश होती. या वेळी तिनं एकही उत्तर पुसलं नव्हतं. हात आपोआप थांबला, असं ती सांगत होती, वडिलांकडे बघून, कारण ते कौतुक त्यांच्यासाठी होतं. तिनं हातपाय धुतले, पोटभर जेवली. काकूंनी ताटं उचलली नाहीत. तिथेच बसून त्या म्हणाल्या, "आता परीक्षा झाली," आणि सांगितलं.

दुधी रडली नाही. ती उठून पुढच्या खोलीत गेली, टेबलावरची कवळी उचलली आणि त्या पातळ जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मीच दाखवलं होतं. इथे टोचत असेल म्हणून."

काका म्हणाले की तिथे कड होती, खरंच होती.

ऑपरेशनमध्ये वरच्या जबड्याची एक बाजू गेली, टाळूचा भाग गेला. हॉस्पिटलात त्यांना एक वेगळी कवळी मिळाली. दातांच्या वर एक गोळा होता, टाळूतली पोकळी बुजवायला. ती घातली की ते जेवू शकत आणि बरंचसं समजेल असं बोलू शकत. ती कुणा दुसऱ्या कारागिरानं केली होती. काकांनी ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा आजूबाजूला सगळे गंभीर चेहरे करून उभे होते. काकांनी ती नीट बघितली आणि बोलता येत नसे तेव्हा लिहायला दिलेल्या पाटीवर खडूनं लिहिलं: पॉलिश केलेलं नाही.

पण घरी आल्यावर ती फार वेळ तोंडात राहत नसे. आतली जागा अजून ओली होती. दुपारी ते काढून ठेवत, आणि मग त्यांचं सगळं बोलणं नाकातून जाई. अक्षरं विरघळल्यासारखी व्हायची. काकूंनाही अर्धंच कळे आणि न कळलेल्या अर्ध्यासाठी त्या मान हलवत. दुधीला मात्र सगळं कळायचं. पहिल्या दिवसापासून कळायचं. पाहुणे आले की ती शेजारी बसून सांगायची. मामा आला आणि त्यानं आपल्या ओळखीच्या वैद्याचं औषध सुचवलं, तेव्हा काका बराच वेळ काहीतरी म्हणाले. दुधी म्हणाली, "बाबा म्हणतात, विचार करतो." मामानं तिच्याकडे बघितलं. "एवढंच म्हणाला? तोंड तर बराच वेळ चाललं होतं." काका हसले. त्या हसण्याचा आवाजही वेगळा झाला होता, पण हसणं तेच होतं. पाटी आणि खडू खिडकीत पडून राहिले. दुधी असताना त्यांची गरज पडत नसे.

निकाल याच दिवसांत लागला. तिचे गुण बरेच वाढले होते. पण त्या वर्षी सगळ्यांचेच वाढले होते, आणि कॉलेजची रेषा वर सरकली होती. ती पुन्हा खाली होती. पुन्हा थोडक्यात.

यानंतर जे झालं ते कुणालाही वाटलं नव्हतं. आता काकू म्हणायला लागल्या की पुन्हा बस. पहिल्या वर्षी हातातलं घे म्हणणाऱ्या काकू. दुकानातून आल्या की चपलाही न काढता त्याच विषयावर यायच्या. गुण वाढलेत, पुढच्या वर्षी नक्की होईल, साध्या कॉलेजचं नाव काढू नकोस. एकदा मी तिथे असताना काकूंचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला.

"तू नाही बसलीस तर मग आम्ही थांबलो कशाला?"

दुधी उठून गच्चीवर गेली. तिच्या मागोमाग मी गेले. खाली कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं. ती तिकडे बघत राहिली. मग बोलली, तेही मला नाही, त्या सायकलवाल्याला सांगितल्यासारखं. मी बसले तर आई दुकानातून येताना पाऊल हळू टाकेल. बाबांना दुखलं तरी ते सांगणार नाहीत. माझ्या खोलीकडे हात करतील. डॉक्टर म्हणाले गाठ आहे मानेत, तर म्हणतील, होऊ दे तिचं. त्यांना सवय लागलीय. मी घरात पुस्तक उघडलं की त्यांना काहीच व्हायचं नसतं.

"आणि नाही बसलीस तर?" मी विचारलं.

"तर आई म्हणते ते खरं ठरतं. सगळं फुकट गेलं."

मानेतल्या गाठी खरंच होत्या. किरणांचा शेक द्यायचं ठरलं. सर्जन आता तारखांबद्दल बोलत नव्हते, आणि कुणी त्यांना विचारतही नव्हतं. अर्ज भरायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. काकूंनी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली नाही. शेवटच्या दिवशी त्या कामावर जाताना दारात थांबल्या, दुधीकडे बघितलं आणि नुसतंच विचारलं, "जेवशील ना?" आणि गेल्या.

त्या दुपारचं दुधीनं मला कितीतरी नंतर सांगितलं, काका गेल्यावर, ती साध्या कॉलेजातून येऊन संध्याकाळी त्याच टेबलावर डॉक्टरबाईंच्या डब्या करायला लागली होती तेव्हा.

ती म्हणाली की दुपारी ती पुढच्या खोलीत त्यांच्या खाटेशी बसली होती. कवळी काढून वाटीत ठेवलेली होती. फळी रिकामी होती. काम बंद झाल्यापासून डॉक्टरांनी आपापली प्लास्टरची तोंडं परत नेली होती. काकांना वाटलं तिचं लक्ष नाही, म्हणून त्यांनी हातानं चादर थोपटली. मग म्हणाले, "पुन्हा बसशील ना?"

नाकातून आलेले, कडा गेलेले शब्द. तिला प्रत्येक अक्षर कळलं.

ती म्हणाली, "काय म्हणालात बाबा? नाही कळलं."

काकांनी पुन्हा म्हटलं. या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, जसे ते पाहुण्यांशी बोलायचा प्रयत्न करत तसे. तेवढं बोलायलाही त्यांना त्रास होत होता. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती तिनं पुसली. आणि पुसतापुसता मान हलवली. "कळत नाहीये."

खिडकीतली पाटी हाताच्या अंतरावर होती. काकांनी तिच्याकडे बघितलं. दुधीनंही बघितलं. ती सांगते, तेव्हा तिनं मनात ठरवलं होतं, की त्यांनी लिहिलं तर आपण हो म्हणायचं. लिहिलेलं कळलं नाही असं कुणाला म्हणता येत नाही. तिचा फोन तिच्या मांडीवर होता, अर्जाचं पान उघडं होतं, नाव आणि जन्मतारीख भरून झालेली होती.

काकांनी हात पुढे केला. पाटीपर्यंत नेला नाही. तो हात त्यांनी चादरीवर ठेवला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. खूप वेळ. त्यांना तोंडं वाचायची सवय होती, चेहरे वाचायची नव्हती, पण हा चेहरा त्यांनी तिच्या जन्मापासून बघितला होता.

मग त्यांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. पहिल्या दोन वेळांपेक्षाही पुसट, घाईघाईनं म्हणाले, "पाणी दे."

ती लगेच उठली. आतून भांडं घेऊन आली. वाटीतली कवळी धुऊन तिनं त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती बसवली, आणि मान जराशी मागे करून, एका बाजूनं, थोडं थोडं पाणी प्यायले. तहान नव्हती तरी सगळं प्यायले.